दगड टाकायचा असतो

नीट रचलेले दगड दिसले की माझं डोकं फिरतं. एखाद्या अपार्टमेंटच्या दारातली शोभेची भिंत असो नाहीतर बागेतला पार असो, सपाट बाजू वर करून एकमेकांत घट्ट बसवलेले दगड मला बघवत नाहीत. बरोबरच्यांना वाटतं, हिचं कामच दगडांचं, म्हणून ही थांबून निरखते आहे. मी निरखत नसते, मनातल्या मनात एका माणसाशी भांडत असते. त्या माणसाला मी वडिलांसारखं मानत होते, आणि हे लिहितानाही रागानं माझे कान तापले आहेत.

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी आनंद, समुद्र कुठला! तरी सिव्हिल करता करता मला किनाऱ्याच्या कामांचा नाद लागला आणि मी चेन्नईत एका सल्लागार कंपनीत येऊन पडले. ऑफिस पेरुंगुडीला, काचेच्या इमारतीत. प्रयोगशाळा मात्र त्याच रस्त्यानं बरीच पुढे, पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये. शेडमध्ये फ्लूम होता. फ्लूम म्हणजे काचेच्या भिंतींचा लांब, अरुंद हौद. त्याच्या एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला आपण उभारलेला छोटा बांध. खऱ्या समुद्रात जे उभारायचं ते आधी इथे लहान करून उभारायचं, त्याच्यावर वादळ सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. पैसे देऊन कुणी मला हा खेळ खेळायला ठेवलंय यावर पहिले काही दिवस माझा विश्वासच बसत नव्हता.

मुलाखत सरांनी घेतली. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. सगळी मुलाखत कडक इंग्रजीत. शेवटी माझ्या कागदांवरचं आडनाव पुन्हा एकदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "जेवण जालं कां?"

मी चपापलेच. ते तंजावूरकडचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी घराणं तिकडे गेलेलं, मग तिथून आजोबा मद्रासला आले, जॉर्ज टाउनमध्ये राहिले. घरात मराठी टिकलेली, पण कशी, तर 'म्हणून'चं 'मणून' झालेलं आणि वाक्याचा हेल पुरता तमिळ. मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हास, हास. तुझी मराठी आमच्या घरांत आली तर तिलाही सगळे हासतील." त्या दिवसापासून मला त्या शहरात घर मिळालं. पेरुंगुडीतच त्यांचा फ्लॅट होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पहिल्याच रविवारी चिंच आणि कढीपत्ता घातलेलं पिठलं वाढलं. पिठल्यात चिंच! मी नाक मुरडलं आणि दोनदा मागून घेतलं.

काम त्यांनी शिकवलं, हातावर चापट मारून शिकवलं. खरंच चापट मारून. मी पहिल्यांदा बांध रचायला बसले तेव्हा मोठ्या लिंबाएवढे दगड हातात घेऊन, फिरवून फिरवून, जिथे खाच दिसेल तिथे बसवत होते. मला वाटलं, केवढी सुबक करतेय मी. फाटकन हातावर बसली.

"दगड टाकाचा," सर म्हणाले. "बसवाचा नाही."

कारण साधं होतं. समुद्रात पाण्याखाली दगड कुणी हातानं बसवत नाही. पोकलेनचा पंजा वरून दगड सोडतो, तो पडेल तसा पडतो, आडवा, तिरका, अधांतरी. तो तसा पडूनच लाटांना टिकला पाहिजे. प्रयोगशाळेत तुम्ही लाडानं, बोटांनी जागा करून बसवलात तर दगड एकमेकांना धरून ठेवतात, बांध उगाचच मजबूत दिसतो, आणि तुम्ही स्वतःला फसवता. म्हणून आम्ही एकेक दगड उचलून ठरावीक उंचीवरून सोडायचो. दगडांना पट्ट्यापट्ट्यांनी रंग दिलेला असायचा, खालची पट्टी पिवळी, तिच्यावर लाल, तिच्यावर निळी. शेवटचं वादळ संपलं की पाणी काढायचं आणि कुठल्या रंगाचा दगड घर सोडून कुठे गेला ते मोजायचं. आणि एक वादळ संपून दुसरं सोडेपर्यंत बांधाला हात लावायचा नाही. हललेला दगड हललेलाच राहू द्यायचा. "वादळ जेवाला थांबत नाही," हे सरांचं दुसरं वाक्य. ते ऐकून ऐकून आम्हां सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग तो बांध आला.

बंदराच्या उत्तरेकडचा किनारा वर्षानुवर्षं खचतो आहे. दक्षिणेकडून किनाऱ्याकिनाऱ्यानं येणारी वाळू बंदराच्या भिंतींशी अडते, मग मरीना चौपाटीचं मैदान वाढतं आणि पलीकडचे कोळी भुकेले राहतात. वाळूला भुकेले, असं म्हणायचंय मला. तिथे ठिकठिकाणी दगडी बांध घातलेत. कोळी त्यांना तूंडिल वळैवु म्हणतात, म्हणजे गळासारखा वाकलेला बांध. एका छोट्या वस्तीसाठी असाच एक बांध आमच्याकडे तपासायला आला आणि सरांनी तो माझ्या हातात दिला. पूर्णपणे माझा असा तो पहिलाच.

पाणी तिथे उथळ. लोकांना वाटतं, उथळ पाणी म्हणजे काळजी नाही. ते निम्मं खरं आहे. उथळ पाण्यात लाट पाण्याच्या खोलीपेक्षा फार उंच होऊच शकत नाही, त्याआधीच फुटते. पण मग ती फुटते कुठे? नेमकी बांधाच्या पायथ्याशी. आणि खोल समुद्रात जशी शेकड्यांत एखादी लाट मोठी येते तसं इथे नसतं, इथे वादळात येणारी जवळजवळ प्रत्येक लाट तिला परवडेल तेवढी मोठी होऊन येते आणि पायथ्याचे दगड उपटते. पायथा गेला की वरचे आपोआप घसरतात. त्यामुळे माझ्या बांधाचं सगळं काही त्या पिवळ्या पट्टीवर अवलंबून होतं.

जागा बघायला सर आणि मी गेलो तेव्हा तिथे एक बाई वाळूवर जाळं पसरून त्यावर मासे वाळवत होती. तिचं घर समुद्राकडच्या शेवटच्या रांगेत. आधी ती शेवटची रांग नव्हती, पुढची समुद्रानं नेली. सरकारनं वस्तीतल्या लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत घरं देऊ केली होती. तिची बहीण गेलीही होती. हिला जायचं नव्हतं. तिथून मासळीला पहाटे येणार कशी? पण घर पडलं तर? तिनं माझा हात धरून तमिळमध्ये विचारलं, हा बांध टिकेल का, टिकणार असेल तर मी राहते, नाहीतर आत्ताच नाव देते. मी म्हटलं, अक्का, आधी आम्ही तपासतो, मग मी स्वतः येऊन सांगते. सर शेजारी उभे होते. त्यांनी माझं तमिळ दुरुस्त करून तेच वाक्य तिला पुन्हा सांगितलं.

बांधाच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी लहान वादळं सोडली, मग त्याहून मोठी. काचेतून कडेचे दगड दिसत होते, ते जागेवर होते. मधला पायथा गढूळ पाण्याखाली, तो शेवटी पाणी काढल्यावरच कळणार. पण फळी थांबवली की पाण्यातून गडगडल्याचा आवाज येत होता, तो मला आवडला नाही. मी सरांना म्हटलं. ते काचेजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "काकू वाट बघतीये तुझी. पोळ्या केल्यात. जा, जेवून ये. मोठं वादळ तू आल्यावर सोडूं."

"वादळ जेवायला थांबतं का सर?" मी चिडवलं.

"तुझ्यासाठीं थांबेल," ते हसून म्हणाले.

शेडमधले बाकीचेही डबे घेऊन बाहेर पडले, मी रिक्षा करून गेले. काकूंनी पुरणात नारळ घातलेल्या पोळ्या केल्या होत्या, वर तुपाची धार. आमच्या सोलापूरला पुरणात नारळ घातला तर सासू घरात घेणार नाही, असं मी म्हणाले आणि त्या खूप हसल्या. मग त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, फोनवर तिच्याशी बोलायलाच लावलं, मग लग्नाचे जुने फोटो काढले. मी उठले की त्या म्हणत, बस ग, घाई काय आहे. मला भरून आलं होतं. घर सोडल्यापासून कुणी मला इतकं आग्रहानं बसवून घेतलं नव्हतं.

परत आले तेव्हा सरांची बाही कोपराच्या वरपर्यंत ओली होती. मला वाटलं, लाटा मोजणारी तार तपासली असेल. मोठं वादळ सोडलं. काचेवर पाणी आदळत होतं, मी बोटं मोडत होते. थांबल्यावर पाणी काढलं आणि पिवळी पट्टी समोर आली. जागच्या जागी. एखाददुसरा दगड सोडला तर सगळी पिवळीधमक. मी टाळ्या वाजवल्या, शेडमध्ये नाचले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हा बांध हिचा. मी फोटो काढून आईला पाठवला. आईनं लगेच फोन केला, "किती छान बसवलेत ग दगड!"

"बसवले नाहीत आई, टाकलेत," मी ऐटीत म्हणाले.

त्याच आठवड्यात मी वस्तीत गेले आणि त्या बाईला सांगितलं, राहा. ती राहिली. घरं वाटणाऱ्यांना तिनं नाव दिलं नाही, ती यादी बंद झाली. समुद्रात बांध झाला. मी कधी गेले की ती मला ताजी मासळी द्यायला बघायची, आणि मी शाकाहारी असल्याचं ऐकून दर वेळी तिला नव्यानं वाईट वाटायचं.

पुढच्या ईशान्य मोसमी पावसात वादळ आलं. तसं काही जगावेगळं नव्हतं, चेन्नईला असली वादळं नवी नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा बांधाचा मधला भाग बसला होता, पायथ्याचे दगड वाळूवर इकडेतिकडे लोळत होते, आणि त्या खिंडीतून समुद्र थेट आत आला होता. बाईच्या घराचा समुद्राकडचा अर्धा भाग नव्हता. चूल होती, भिंत नव्हती. माणसं आधीच शाळेत हलवली होती म्हणून वाचली. ती भांडी गोळा करत होती, मीही करू लागले.

ऑफिसच्या बैठकीत सर म्हणाले, लाटा असामान्य होत्या. मला राहवलं नाही. "उथळ पाण्यात असामान्य लाट येईल कुठून, सर? पाणीच तेवढं नाही तिथे." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी उद्धटपणा केला, आणि बाहेर आल्यावर मी चक्क माफी मागितली.

पण डोक्यातून जाईना. लाटा त्याच, पाणी तेच, दगडही वजन करून घेतलेले. मी ठेकेदारावर संशय घेतला, खाणीवर घेतला, वाळू खचली असेल म्हणून तळ पुन्हा मोजून घेतला. मग फ्लूममध्ये तोच बांध पुन्हा उभा केला. टाकून. मोठ्या वादळात पिवळी पट्टी उधळली. पुन्हा केला, पुन्हा उधळली. मग पहिल्या वेळी टिकली कशी? मी स्वतःलाच खायला उठले. पहिला बांध म्हणून माझ्याच बोटांनी लाड केले असतील, मी नकळत बसवले असतील, असं मला वाटू लागलं. मला झोप लागेना, अन्न गोड लागेना.

काकूंना माझा चेहरा बघवेना. त्यांनी एका दुपारी जेवायला बोलावलं. सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. काकू मला वाढता वाढता म्हणाल्या, "अगो, तू त्या दिवशीं कशी हासत होतीस, तुझी परीक्षा होती तेव्हां. तशी हास की."

मी म्हटलं, त्या दिवशी उठवत नव्हतं तुमच्या पानावरून.

"उठूं कशी देणार?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "ह्यांनीच फोन करून सांगिटलं होतं ना. मी फोन करीपर्यंत तिला सोडूं नको, मणून. आणि सांजचे घरीं आले ते बोटं सगळी सोलवटलेली. मी तेल लावलं. दगडांचं काम ह्या वयांत कशाला करावं, सांग."

माझ्या हातात पोळी होती. तीच, नारळाची. मला ती ओली बाही दिसली आणि सगळं कळलं. मला वाटलं होतं तो आग्रह माझ्यासाठी होता.

मी पान तसंच टाकून बाहेर गेले. "सर, तुम्ही पायथ्याला हात लावलात?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. नाकारलं नाही, ते निदान केलं नाही. सकाळीच पिवळे दगड निघाले होते, ते म्हणाले. याहून मोठे दगड त्या खाणीत नव्हते. पुन्हा आराखडा करायचा तर कामाचा मोसम हातचा जात होता आणि काम दुसऱ्याकडे गेलं असतं. "आणि तुझा पयला बांध होता तो. पडला असता तर तुझं नांव खराब जालं असतं. मी तुझ्यासाठीं केलं ग." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "उथळ पाणी ते. काय होईल असं वाटलं नाही."

उथळ पाण्यानं काय होतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तसं म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. आत काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"मला बाहेर कशाला पाठवलंत?" मी विचारलं. "तुम्ही प्रमुख. मी काय करणार होते?"

"तू असतीस तर मला करवलं नसतं," सर म्हणाले.

असं वाक्य दुसऱ्या कुठल्या वेळी ऐकलं असतं तर मी आयुष्यभर जपलं असतं. तेव्हा मला त्याची किळस आली. मला आधीही वाईट माणसं भेटली आहेत, त्यांनी फसवलं तर आपण शिव्या देतो आणि पुढे जातो. या माणसानं मला एक गोष्ट शिकवली आणि मी ती शिकले आहे हे त्याला माहीत होतं, म्हणूनच मला जेवायला घालून वाटेतून बाजूला केलं. चप्पल घालताना काकू दारापर्यंत आल्या. त्यांना काहीच समजलं नव्हतं. "ताक तरी पिऊन जा," त्या म्हणाल्या. मी वळून बघितलं नाही.

मी वर सांगितलं. चौकशी झाली, सर पदावरून गेले, बांधाचा पायथा आता रुंद करून पुन्हा घालताहेत. शेडमध्ये काही जण माझ्याशी बोलत नाहीत. म्हातारपणी माणसाला घरी बसवलं हिनं, म्हणतात. म्हणोत.

राहिली होती ती बाई. आता ती जावेच्या घरात एका खोलीत राहते आणि तिची भांडी अजून पोत्यातच आहेत. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटलं. मी गेले. ती वाळूवर बसली होती, मला बघून तिनं नेहमीसारखा हात पुढे केला आणि मला शेजारी बसवलं. हात तिच्या हातातच ठेवून मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. लाटांचा हौद, रंगवलेले दगड, ते कसे पडू द्यायचे असतात, आणि मोठं वादळ सोडण्याआधी एका माणसानं ते हातानं कसे घट्ट बसवले. ती समुद्राकडे बघत ऐकत होती. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अप्पो नी एंग मा इरुंदे?" तेव्हा तू कुठे होतीस?

तमिळमध्ये माझं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे चुकतं. हे चुकलं नाही.

"साप्पिड पोयिरुंदेन," मी म्हटलं. जेवायला गेले होते.

तिनं माझा हात सोडला.